रंभा म्हैस मेली नव्हती

केरूकडे साक्ष नव्हती. रोह्याच्या ख्रिस्ती मंडळीत साक्ष नसणं म्हणजे पंगतीला बसावं आणि वाढपी नेमका आपल्यालाच ओलांडून पुढे जावा, तसं.

मंडळी भरायची रोह्यात, बाजाराच्या मागच्या एका बंद पडलेल्या पोह्याच्या गिरणीत. दर रविवारी तीसेक विश्वासी जमायचे. गाणी झाली, डफलीवाल्याचा हात भरून आला, की पाळक महिपती विचारायचे, आज साक्ष कोण देणार? मग एकेकानं उभं राहून प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. रघूची दारू सुटली होती. मोरूला नाग चावला होता आणि मोरू जिवंत होता. नागाचं पुढे काय झालं याबद्दल मंडळीत दोन मतं होती. काळुरामला भूत लागलं होतं, तेही चांगलं हट्टी, जाताना दाराची कडी मोडून गेलेलं. केरूच्या बायकोची, शकूची साक्ष म्हणजे खुद्द केरू. आमचा माणूस आधी यायला तयार नव्हता, आता येतो, असं ती सांगायची आणि सगळे वळून केरूकडे बघायचे. केरू मान खाली घालायचा. दुसऱ्याच्या साक्षीत फार दिवस राहिलं की माणसाला आपण भाडेकरू आहोत असं वाटायला लागतं.

त्याची स्वतःची अडचण साधी होती. दारूचा त्यानं एकदा वास घेतला होता, त्यानंच पित्त झालं. साप दिसला तर तो सापाला वाट द्यायचा आणि सापही त्याला द्यायचा. भुतांनी त्याच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. विश्वास कसा बसला म्हणून कुणी विचारलं तर सांगण्यासारखं एवढंच, की एका रविवारी शकूनं ओढून आणलं, लवकर सटकता यावं म्हणून तो दाराशी बसला, आणि मग सटकला नाही. का नाही, ते त्यालाही नीट सांगता यायचं नाही. तेव्हापासून तो झोपण्याआधी प्रार्थना करायचा आणि पलीकडे कुणीतरी ऐकतंय असं त्याला वाटायचं. पण ही काही साक्ष नव्हे. ही हजेरी झाली.

केरूचं गाव खांबच्या अलीकडे, हमरस्त्यापासून जरा आत. भाताची थोडी जमीन, आणि रंभा नावाची एक म्हैस. गावात पाचसहा घरी आणि हमरस्त्यावरच्या पोपटच्या हॉटेलात तिच्या दुधाचा रतीब होता. पावसाळ्याच्या शेवटी एके दिवशी रंभेनं बांधावरचा ओला चारा हावरटासारखा हाणला आणि संध्याकाळी तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. ती आडवी झाली. पाय ताठ, जीभ बाहेर, डोळे पांढरे. केरूनं रोह्याला जाणाऱ्या टेम्पोवाल्याबरोबर गुरांच्या डॉक्टरला निरोप धाडला आणि तो येईपर्यंत म्हशीचं शिंग धरून प्रार्थना केली. मनापासून केली. शिंग सोडलं तर देव दुसऱ्याच म्हशीकडे जाईल अशी भीती वाटल्यासारखा तो शिंग धरून बसला होता.

निसीम डॉक्टर मोटारसायकलवरून भिजत आले. कोकणातलं जुनं यहुदी कुटुंब. भाऊबंद सगळे इस्राएलला गेले, हे आईला घेऊन रोह्यातच राहिले. त्यांनी रंभेच्या घशात रबरी नळी घातली, ती पुरेना तेव्हा कुशीत जाड सुई मारली. वारा निघाला. असा निघाला, की शकूच्या हातातला कंदील विझला आणि डॉक्टरांनी तोंडाला रुमाल बांधून बाकीचं काम अंदाजानं केलं. सकाळी रंभा उभी राहून रवंथ करत होती, आणि ज्यांची रात्र खराब झाली त्यांच्याकडे जरा नाराजीनंच बघत होती.

आता सांगायला काहीतरी झालं होतं. रविवारी रोह्याला जाताना केरूनं रस्ताभर मनात जुळवणी केली. त्यात डॉक्टर होते, हे इथं नोंदवून ठेवलं पाहिजे. पण साक्षीत प्रार्थना आधी येते, म्हणून त्यानं प्रार्थनेपासून सुरुवात केली, आणि शिंग धरलं इथपर्यंत येतो तोच मंडळी हालेलुया म्हणाली. केरूसाठी आजवर कुणी हालेलुया म्हटलं नव्हतं. त्याच्या कानात गरम झालं. आता डॉक्टरला आणायचं म्हणजे जेवण रंगात आलं असता दाताखाली खडा आणण्यासारखं. तो थांबला. पाळक महिपतींना वाटलं, याचा गळा दाटून आला. ते पुढे झाले आणि त्यांनी अगदी हळू विचारलं, "केरूभाऊ, श्वास चालू होता का?"

"नव्हता," केरू म्हणाला.

एवढ्याशा शब्दात आख्खी म्हैस मेली.

परतताना एसटीत शकू त्याच्या शेजारी बसली होती. नागोठण्याचा एक माणूस पुढच्या सीटवर कोंबडी घेऊन बसला होता, तिच्याकडे बघत शकू म्हणाली, की मला वाटलं डॉक्टरांचं नाव तुम्ही शेवटी घ्याल. केरू म्हणाला, की पुढच्या रविवारी घेतो. पुढच्या रविवारी त्याला बघायला पाहुणे आले होते.

त्यानंतर पेणची सभा आली. मंडळीची मोठी सभा वर्षातून एकदा व्हायची, आणि त्या वर्षी जागा मिळाली ती हमरापूरच्या एका गणपतींच्या कारखान्याची. गणपती होऊन गेले होते, शेड रिकामी होती. खाली सगळं पांढरं, जो बसेल तो उठताना मागून पांढरा. एका कोपऱ्यात न विकलेले चार-पाच गणपती प्लास्टिक पांघरून उभे होते. मालकानं ते हलवले नाहीत आणि मंडळीनंही हलवा म्हटलं नाही. केरूला माईकसमोर उभं केलं. समोर पेण, वडखळ, नागोठणे, कुठकुठची माणसं. रोह्यात रंभा संध्याकाळी मेली होती आणि लगेच उठली होती. पेणमध्ये ती आदल्या रात्रीपासून मेलेली होती. तिच्यावर माश्या बसल्या होत्या. माश्यांचं केरूला स्वतःलाच नवल वाटलं; त्या आल्या कुठून ते त्याला कळलं नाही, पण एकदा आल्यावर तो त्यांना हाकलू शकला नाही.

हे सगळं टेप झालं. त्याच्या कॅसेटी निघाल्या. मंडळीची एक जीप होती, ती बाजाराच्या दिवशी कर्णा लावून फिरायची, आणि कर्ण्यातून केरूचा आवाज यायचा. केरू एकदा रोह्याच्या बाजारात वांगी निवडत होता, आणि मागून त्याचाच आवाज आला, की तिच्या अंगावर माश्या घोंगावत होत्या. वांगी तशीच टाकून तो भिंतीआड झाला. वांगीवाली म्हणाली, याला काय झालं.

गावात बायजा नावाची म्हातारी होती. तिच्या नवऱ्याच्या, विठूच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू लुळी, तोंड वाकडं, आणि तो आतल्या अंधाऱ्या खोलीत खाटेवर पडून. देवळं झाली, मांत्रिक झाला, मुंबईचं इस्पितळही झालं. एके सकाळी बायजा केरूच्या गोठ्यात आली. ती रंभेसमोर बराच वेळ उभी राहिली, तिच्या कपाळाला हात लावून बघितला, आणि शकूला विचारलं, हीच का गो? शकू म्हणाली, हीच. शकू एवढंच खोटं बोलली, आणि तेसुद्धा पाहिलं तर खरंच होतं.

पुढच्या रविवारपासून बायजा रोह्याला यायला लागली. गुडघे धरत हमरस्त्यापर्यंत चालायची, एसटी पकडायची, गिरणीत पुढे बसायची. गाणी तिला येत नसत, ती नुसते ओठ हलवायची. प्रार्थनेची विनंती विचारली की दर वेळी एकच. म्हातारा उठू दे. घरी गेली की विठूला सांगायची, तू पण उठशील, केरूची म्हैस उठली. विठूला स्पष्ट बोलता यायचं नाही. फक्त शिव्या स्पष्ट यायच्या, त्या तो द्यायचा. केरू तिच्या मागच्या रांगेत बसायचा आणि तिच्या अंबाड्याकडे बघत राहायचा. झोपताना प्रार्थना करायला बसला की पहिल्यांदा म्हैस समोर येऊन उभी राहायची, तिच्यामागे बायजा. पलीकडे कुणी ऐकतंय असं अजूनही वाटायचं. तोच तर त्रास होता.

मग दूध थांबलं.

पहिल्यांदा थांबलं दत्तात्रेय गुरुजींच्या घरचं. गुरुजी म्हणजे गावच्या शाळेत आयुष्य घालवून निवृत्त झालेले, गावात कुठलाही वाद त्यांच्या ओटीवर संपायचा. त्यांच्या बायकोनं कॅसेट ऐकली आणि तिला शंका आली, की मेलेल्या म्हशीचं दूध देवाच्या नैवेद्याला चालतं का? गुरुजी बसले विचार करत. देवाला नाही चालत, असं ठरलं. मग माणसाला तरी कसं चालावं? पारावर दोन दिवस हीच चर्चा. एकाचं म्हणणं, की म्हैस मेली तेव्हा तिचं आधीचं सगळं संपलं, आता ही निराळीच म्हैस, तिच्यावर केरूची मालकीही राहिलेली नाही. दुसऱ्यानं विचारलं, मग कुणाची? त्यावर सगळे गप्प झाले, कारण पुढचं उत्तर येशूची असं येत होतं आणि ते गावाला परवडणारं नव्हतं. तिसऱ्यानं सांगितलं, की उपासाला चालत असावं. मेलेल्या म्हशीचं दूध धान्यात मोडत नाही. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

रतीब एकेक करून बंद झाले. पोपटनंही हॉटेलात दूध नको म्हटलं. गोष्ट मात्र तो चहाबरोबर गिऱ्हाइकांना फुकट द्यायचा, वर सांगायचा, की मी स्वतः डोळ्यांनी बघितली, पार लाकूड झाली होती. त्या संध्याकाळी पोपट महाडला मेव्हण्याकडे होता. आणि मग हळूहळू गोष्ट दुधावरून माणसांवर आली. वालाची पेरणी आली तेव्हा केरूला कुणी आपल्या शेतावर बोलावलं नाही आणि त्याच्या शेतावर कुणी आलं नाही. हा आपला राहिला नाही, याचा देव वेगळा, असं आता उघड बोललं जायला लागलं. शकू विहिरीवर गेली की बायका पटापट कळश्या भरून निघायच्या, तिला एकटीला सगळी विहीर मिळायची. शकू म्हणायची, पाणी निवांत भरता येतं. रात्री मात्र ती कुशीवर वळून झोपायची.

हे रोह्याला कळलं आणि केरूची इज्जत इतकी वाढली, की त्याला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. पाळक महिपती लुनावरून गावात आले, त्याच्या ओटीवर बसले, आणि त्याचे हात हातात घेऊन रडले. विश्वासासाठी छळ सोसणारा बंधू असतो हे त्यांनी पुस्तकांत वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. पेणच्या लोकांनी केरूसाठी उपास धरला. काय मागितलं, तर आमच्या बंधूनं छळाला भिऊन सत्य नाकारू नये. केरूनं तेव्हाच सांगायला तोंड उघडलं होतं. पण समोर एक माणूस त्याच्यासाठी खरे अश्रू गाळत होता, आणि शकूनं बिनसाखरेचा चहा आणून ठेवला, आणि तो चहा पाळक छळात सहभागी झाल्यासारखे प्याले. केरू म्हणाला, प्रभूची स्तुती असो.

त्याच आठवड्यात रोह्याच्या बाजारात निसीम डॉक्टरांनी त्याला गाठलं. रागावले नव्हते. त्यांची आई हन्नाबाई, तिनं जीपचा कर्णा ऐकला होता, आणि ती तेव्हापासून मुलाला विचारत होती, की म्हैस जर मेलेली होती आणि देवानं उठवली, तर त्या पावसाच्या रात्री चिखलात माखून तू नेमका कुठून आलास? आई पंचाऐंशीची झाली तरी मुलगा मुलगाच.

"मला नाव नको केरू," डॉक्टर म्हणाले. "पण मी त्या रात्री कुठं होतो त्याची साक्ष द्यायला तुझ्याशिवाय माणूस नाय."

केरूला तिथंच बसावंसं वाटलं. आजवर त्याच्याकडे साक्ष नाही म्हणून तो खजील व्हायचा. आता एक माणूस त्याच्याकडे साक्ष मागत होता, आणि ती त्याच्याकडे होती, खरी, पुराव्यासकट, आणि त्यानंच ती पुरून ठेवली होती.

इकडे गुरुजींनी तोडगा काढला. गुरुजी वाईट माणूस नव्हते. त्यांनाही दूध विकत आणायला खांबला जावं लागत होतं. त्यांनी केरूला बोलावून सांगितलं, की सोमवारी देवळाच्या मंडपात गाव बसेल. तू दोन गोष्टी बोलायच्या. म्हैस मेली नव्हती, आणि हे येशूबिशू सगळं खोटं. नारळ फोडायचा, आम्ही तुझ्या घरी चहा प्यायला येऊ, तुझ्याच दुधाचा.

केरू घरी येऊन ओटीवर बसून राहिला. पहिली गोष्ट खरी होती. दुसरी खोटी. गुरुजींनी दोन्ही एका दोरीत बांधून दिल्या होत्या. रोह्यात पाळकांनीही दोन गोष्टी एका दोरीत बांधल्या होत्या, म्हैस मेली होती आणि प्रभू खरा आहे. दोन्हीकडे अर्धं खरं, अर्धं खोटं, आणि सुटं कुणीच देत नव्हतं. ही दोरी वळली कुणी याचा तो विचार करायला लागला, आणि विचार फार लांब गेला नाही.

रविवारी त्यानं रोह्यात हात वर केला. बायजा आली नव्हती; विठूला ताप होता. केरूला त्याचं बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली. तो उभा राहिला आणि म्हणाला, रंभा मेली नव्हती. फुगली होती. निसीम डॉक्टर आले, त्यांनी नळी घातली, सुई मारली. मी प्रार्थना केली, तीही खरी. बाकी मी खोटं बोललो, माश्या धरून.

मग पाळक महिपती खाली उतरले, त्याच्याजवळ आले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना करायला लागले, की हे प्रभू, बघ त्यांनी तुझ्या लेकराची काय दशा केली, ह्या भीतीच्या आत्म्याला बांध. मंडळीनं हात वर केले. रघू हुंदके द्यायला लागला. काळुराम, ज्याला आत्म्यांचा अनुभव होता, म्हणाला, की डोळ्यांवरूनच कळतंय. केरू हाताखालून पुन्हा म्हणाला, की मी खरं सांगतोय, पण तोवर डफली सुरू झाली होती. जेव्हा खोटं बोलला तेव्हा त्याचा शब्दन् शब्द टेप झाला होता.

उपासना सुटल्यावर पाळकांनी त्याला गिरणीच्या जुन्या भट्टीमागे नेलं. तिथं त्यांचा आवाज प्रवचनाचा राहिला नाही.

"केरू, खरंच?"

केरूनं मान डोलावली.

महिपती एका पोत्यावर बसले. कॅसेटी नागोठण्यापर्यंत गेल्या होत्या, आणखी शंभर करायला टाकल्या होत्या.

"श्वास चालू होता का, हे मीच विचारलं होतं ना?"

"हो."

"चालू होता असं तू म्हणाला असतास तर मला आवडलं नसतं," ते म्हणाले. "ते तुला कळलं असणार माझ्या तोंडावरून."

केरूला ते कळलं होतंच. पाळक म्हणाले, की पुढच्या रविवारी मी मंडळीला सांगेन. आज नको, लोक आता घरी निघालेत. मग स्वतःचंच वाक्य ऐकून ते ओशाळले आणि भट्टीवरची धूळ बोटानं पुसायला लागले. दोघंही तिथं उगाच थोडा वेळ धूळ पुसत राहिले.

बायजाला आधी सांगावं, गावासमोर तिला कळू नये, असं केरूनं ठरवलं होतं. सोमवारी दुपारी तो तिच्या अंगणापर्यंत गेला. दोरीवर विठूची धोतरं वाळत होती, चार-पाच, धुऊन धुऊन विरलेली. तो त्या धोतरांपासून परत आला.

संध्याकाळी मंडप भरला होता. पुरुष आत, बायका पायऱ्यांपाशी. बायजाही होती. गुरुजींनी नारळ पुढ्यात ठेवला आणि केरूला बोलायला सांगितलं. केरूनं म्हैस, नळी, सुई, डॉक्टर, सगळं क्रमानं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, की मी खोटं बोललो, माझी चूक झाली. पायऱ्यांकडे त्यानं बघितलं नाही. गुरुजी खूश झाले. त्यांच्या वर्गात मठ्ठ पोरानं पाढा म्हणून दाखवावा तसे.

"आणि?"

"आणि काय नाय."

"दुसरं राहिलं ना रे."

"दुसरं खोटं हाय, गुरुजी," केरू म्हणाला. "एकदा खोटं बोललो तर एवढं झालं. आता परत कशाला बोलू?"

मागे कुणीतरी हसलं. पोपट उठून उभा राहिला. त्यानं आधी सांगून टाकलं, की केरू काही म्हणू दे, म्हैस मेली होती, मी बघितली होती. मग विचारलं, की बरं, नाय मेली म्हणतोस, तर मग तुझ्या देवानं तुला दिलं तरी काय?

केरूनं खरोखर विचार केला. सगळे थांबले होते. रघूचं, मोरूचं, काळुरामचं काय काय त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं, त्यातलं एखादं उसनं घेणं सोपं होतं.

"काय नाय दिलं," तो म्हणाला. "म्हैस फुगते, डॉक्टरला बोलवावं लागतं. तुमच्यासारखंच."

"मग जातोस कशाला?"

"तो खरा हाय म्हणून. साक्षीदार खोटा निघाला, त्याला तो काय करील?"

यावर गुरुजी चिडले नाहीत, ते गोंधळले. म्हैस मेली नव्हती, तेव्हा दुधाचा प्रश्न मिटायला हवा होता. पण पोपटनं लगेच नवा काढला. हा स्वतःच्या तोंडानं कबूल करतो, की हा खोटं बोलतो. खोटं बोलणाऱ्याचं दूध म्हणजे त्यात पाणी असणारच. मंडपात हे सगळ्यांना पटलं. मेलेल्या म्हशीच्या दुधाबद्दल निदान मतभेद तरी होते. नारळ गुरुजींनी पिशवीत घातला आणि घरी नेला. केरूनं पायऱ्यांकडे बघितलं, तेव्हा बायजा तिथं नव्हती.

सकाळी तो तिच्या दारात गेला. या वेळी धोतरं नव्हती, त्यामुळे परतायला निमित्त नव्हतं. बायजा उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. ये म्हणाली नाही. तो अंगणात उभा राहिला.

"मग ह्यो उठायचा नाय?" तिनं सुपातून मान न काढता विचारलं.

"मला माहीत नाय, मावशी."

"त्या दिशी माहीत होता. म्हशीचा सगळा माहीत होता तुला."

त्याला म्हणायचं होतं, की प्रार्थना सोडू नको, मी खोटा आहे, तो नाही. काल गावासमोर हे त्याला बोलता आलं होतं. इथं ते शब्द तोंडात आले आणि दुधाला पाणी घातल्यासारखे पातळ झाले.

"हात लावून बघितला मी तिला," बायजा म्हणाली. "गरम होती. मी म्हटला, बघा, मेलेली पण गरम झाली." तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. "ह्याला रोज सांगत होते. उठवील, उठवील. ह्यो शिव्या देतो, मी सांगते."

"माझं चुकलं, मावशी."

"त्याचा मी काय करू?" तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितलं. "पावसाळ्यापासून उन्हात नाय काढला त्याला. मला एकटीला उचलत नाय. पाठीला जखमा झाल्यात. तुझा देव उचलीत नसंल तर तू उचल."

केरू आत गेला. आत काळोख होता आणि मुताचा वास होता. विठूनं त्याला ओळखलं आणि लगेच स्पष्ट बोलायला सुरुवात केली. केरूनं त्याच्या काखांत हात घातले. माणूस वाळून काटकी झाला होता तरी उचलायला गेलं तर भिजल्या पोत्यासारखा. लुळी बाजू एकीकडे घसरायची आणि चांगल्या हातानं विठू केरूचा कान पिळायचा. उंबऱ्यात दोघं अडकले. बायजानं पाय धरले. विठूनं केरूच्या आईपासून सुरू केलं होतं, ते रंभेपर्यंत आलं. केरूनं सगळं ऐकून घेतलं. त्यातलं चुकीचं असं त्याला काही सापडलं नाही.

ओटीवर उन्हात त्याला बसवला, मागे उशी दिली. विठूनं डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मग वाकड्या तोंडातून पुष्कळ खटपट करून तो काहीतरी म्हणाला. केरू जवळ वाकला. विठू म्हणत होता, की उन्हात नको, सावलीत ठेव.

केरूनं त्याला पुन्हा उचलला.

बायजानं तांब्याभर पाणी आणून त्याच्या पुढे ठेवलं. चहाचं विचारलं नाही. रविवारी रोह्याला येणार का, हे केरूनं विचारलं नाही, आणि ती त्या रविवारी आली नाही, पुढेही नाही. पाणी पिऊन तो उठला तेव्हा ती म्हणाली, की सांजच्याला ह्याला परत आत घ्यायचा आहे, आणि उद्या परत बाहेर.

"येतो," केरू म्हणाला.

"खरा?"

हा प्रश्न आता आयुष्यभर आपल्या प्रत्येक वाक्यामागून येणार, हे केरूला तेव्हा समजलं. "खरा," तो म्हणाला.

"बघू," बायजा म्हणाली, आणि सूप घेऊन बसली.

दिवस कलायच्या आधीच केरू घरून पुन्हा बायजाकडे निघाला. वळणावरून त्याला दिसलं, बायजा अंगणात उभी राहून वाटेकडे बघत होती. तो दिसल्यावर तिनं तोंड फिरवलं आणि कोंबड्यांना हाका मारायला लागली. ओटीवरून विठूनं सुरुवात केलीच होती.